भंडारदऱ्याच्या जलाशयाला शनिवार-रविवारी चक्कर मारणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, नाशिक आणि पुणे येथून पावसाळ्यात भंडारदरा परिसरात गाडीने येणारे सर्व पर्यटक, तसेच त्यांच्या सहली आखणारे आयोजक

विषय : जलाशयाची चक्कर एका दिवसात उरकू नये आणि येण्याचा आठवडा पाणी पाहून ठरवावा, याबाबत विनंती.

सप्रेम नमस्कार.

मी भंडारदरा धरण ज्या नदीवर आहे त्या प्रवरेच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावात राहतो. शनिवारी सकाळी तुम्ही ज्या पाण्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढता, तेच पाणी काही महिन्यांनी आमच्या चारीतून, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यातून, वाहते, त्यामुळे भंडारदऱ्यात किती पाणी आले याची चौकशी आमच्याकडे जुलैपासून घरोघरी सुरू होते. सवड मिळाली की मीही वर जातो, धबधबे पाहतो, धरणालगतच्या शेंडी गावात भजी खातो, आणि पर्यटनामुळे अकोले तालुक्यातल्या डोंगरगावांत चार पैसे येतात याचा मला आनंदच आहे. तुम्ही येऊ नका असे सांगण्यासाठी हे पत्र नाही. कसे यावे आणि कधी यावे एवढ्यापुरतेच ते आहे.

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि ठाण्या-मुंबईकडून कसारा घाट चढून येण्याचा जुना खटाटोप बराच कमी झाला. पूर्वी पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला शेंडीत पोहोचत असे. आता तो नाश्त्याला पोहोचतो. रस्त्याने वाचवलेला हा वेळ तुम्ही जलाशयाच्या काठावर घालवाल, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो वेळ संध्याकाळपर्यंत घरी परतण्याच्या हिशोबात जमा झाला आणि दोन दिवसांची सहल एका दिवसाची झाली. घोटीपर्यंतचा रस्ता कितीही रुंद झाला, तरी बारी, वारंघुशी, शेंडी आणि तिथून जलाशयाभोवती फिरणारा रस्ता गावांच्या मापाचाच आहे, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

ही चक्कर तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. शेंडीहून निघून उत्तरेच्या काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर गाठायचे, तिथून साम्रदला वळायचे, रतनवाडीत अमृतेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि कोलटेंभे, मुतखेल या दक्षिणेच्या काठाने पुन्हा शेंडीला यायचे. नकाशावर ही वाट एखाद्या सकाळीत संपेल अशी दिसते. पण जुलै-ऑगस्टच्या रविवारी अर्धे लोक तिला उजवीकडून आणि अर्धे डावीकडून सुरुवात करतात, आणि दोन्ही रांगा जिथे एकमेकींसमोर येतात तिथे एका बाजूला भाताचे खाचर आणि दुसऱ्या बाजूला ओढा असतो. मागे घ्यायला जागा नसते, पुढे जायला वाट नसते, आणि त्या वेळी एखाद्या गावातल्या आजारी माणसाला राजूरच्या दवाखान्यात न्यायचे असेल तर त्याच्या घरच्यांनी काय करायचे, याचा विचार आपण रांगेत बसून हॉर्न वाजवत असताना क्वचितच करतो.

म्हणून पहिली विनंती ही की पूर्ण चक्कर मारण्याचा हट्ट सोडावा. एका दिवशी एकच काठ घ्यावा आणि त्याच वाटेने परत यावे. उत्तरेचा काठ घेतला तर घाटघरपर्यंत जावे. तिथल्या कड्यावरून कोकण दिसते, अर्थात ढगांनी परवानगी दिली तर. नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात भर पावसाळ्यात दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, आणि नवखा पर्यटक 'काहीच दिसले नाही' म्हणून हिरमुसतो. त्याने तिथल्या वरच्या धरणाकडे तरी जरूर पाहावे. 250 मेगावॉटची घाटघर उदंचन जलविद्युत योजना याच धरणाच्या पाण्यावर चालते: विजेची मागणी वाढली की पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली, ठाणे जिल्ह्याच्या बाजूच्या धरणात सोडून वीज तयार करतात, आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना हे एवढे समजावून सांगायला अर्धा तास पुरतो, आणि तोवर धुके थोडे हललेले असते.

दक्षिणेचा काठ घ्यायचा असेल तर शेंडीहून वीसेक किलोमीटरवरच्या रतनवाडीपर्यंत जावे आणि तिथेच दिवस काढावा. अमृतेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळातले मानले जाते. भिंतींवरचे आणि खांबांवरचे कोरीवकाम पाहायला पावसाळी ढगाळ उजेडच चांगला. शेजारच्या पुष्करणीच्या भिंतींतल्या कोनाड्यांतल्या मूर्ती काठावर बसून निवांत पाहता येतात. मंदिराच्या मागे रतनगड उभा आहे, त्याच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे खडकातले आरपार भोक, ढग फाटले की खालून दिसते, आणि रतनगड-कुलंगच्या याच डोंगररांगेत प्रवरा उगम पावते. कोलटेंभ्याचा धबधबा याच वाटेवर लागतो आणि न्हाणी धबधबा रतनवाडीजवळ आहे. हे दोन्ही धबधबे निव्वळ पावसाचे आहेत. डोंगरावर रात्री पाऊस झाला की सकाळी ते भरून वाहतात, आणि आठवडाभर उघडीप पडली की त्यांचा जोर ओसरतो.

सगळे धबधबे असे नाहीत, आणि मला जे मुख्यत्वे सांगायचे आहे ते इथून सुरू होते.

धरणाच्या पायथ्याशी असलेला अंब्रेला फॉल हा मनुष्याने सोडलेल्या पाण्याचा धबधबा आहे. धरणातून बाहेर पडणारे पाणी एका गोलाकार खडकावरून छत्रीसारखे पसरत खाली येते, आणि धरणातून पाणी सोडले नसेल तर तिथे कोरडा खडक असतो. पुढे शेंडीहून राजूरच्या दिशेने दहाएक किलोमीटरवर असलेला रंधा हा प्रवरेचाच धबधबा आहे. दीडशे फुटांहून अधिक उंचीवरून नदी अरुंद घळीत कोसळते. पण रंध्याच्या वर बंधारा घालून पाणी कोदणीच्या 34 मेगावॉटच्या वीजघराकडे वळवलेले असल्यामुळे तिथे किती पाणी दिसेल हे पावसाइतकेच धरणाच्या विसर्गावरही ठरते. मे महिन्यात गुगलवरची छायाचित्रे पाहून रंध्याला पोहोचलेला पर्यटक आणि ऑगस्टमध्ये सांडवा सुरू असताना तिथे उभा असलेला पर्यटक यांनी पाहिलेल्या दोन जागा जवळजवळ वेगळ्याच म्हणाव्या लागतील.

ही गोष्ट समजून घ्यायची तर धरण कशासाठी बांधले हे ठाऊक असावे लागते. 1910 मध्ये काम सुरू होऊन 1926 मध्ये पूर्ण झालेले हे दगडी धरण 82 मीटर उंच आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ते बांधले गेले ते खालच्या कोरडवाहू, दुष्काळप्रवण पट्ट्याला पाणी देण्यासाठी. भंडारदऱ्याचे पाणी नदीपात्रातून संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून डाव्या व उजव्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत जाते. या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तुम्ही शेंडीच्या टपरीवर जो चहा पिता त्यातली साखर याच पाण्याची असण्याची शक्यता बरीच आहे. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या आणि ज्यांच्या डोंगरावर हा पाऊस पडतो, त्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या गावांना या भरभराटीत काय मिळाले, हा प्रश्न मी लाभक्षेत्रातला माणूस असूनही, किंबहुना म्हणूनच, इथे नोंदवून ठेवतो.

जलाशयाची एकूण क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट आहे. पावसाळ्यात साठा 10,500 दशलक्ष घनफुटांच्या आसपास गेला की धरण 'तांत्रिकदृष्ट्या भरले' असे जाहीर होते आणि त्यानंतर येणारे पाणी साठवून न ठेवता खाली निळवंडे धरणाकडे सोडत राहतात. 15 ऑगस्टपर्यंत भंडारदरा भरावे, हा आमच्याकडचा जुना आडाखा आहे. आता हे तुमच्या सहलीच्या दृष्टीने वाचा. जूनच्या शेवटी आणि जुलैच्या सुरुवातीला डोंगरावरचे ओढे-धबधबे सुरू होतात, पण जलाशय अर्धा-मुर्धाच असतो आणि काठावर लालसर चिखलाचा रुंद पट्टा दिसतो. जुलैच्या उत्तरार्धात पाऊस ऐन भरात असतो, पण कडे ढगात असतात. ऑगस्टच्या मध्यावर जलाशय भरतो, सांडव्यातून विसर्ग सुरू होतो आणि रंधा खऱ्या अर्थाने कोसळतो. नेमक्या त्याच सुमारास स्वातंत्र्यदिनाची सुट्टी येते आणि निम्मी मुंबई एकाच दिवशी शेंडीच्या चौकात उतरते. सप्टेंबरमध्ये मात्र जलाशय काठोकाठ असतो, पाऊस सरींवर आलेला असतो, ऊन पडले की समोरचा रतनगड आणि पाठीमागचे कळसूबाईचे 1,646 मीटरचे शिखर स्वच्छ दिसते, पठारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, आणि रस्त्यावर गर्दी जवळजवळ नसते. इतक्या वर्षांत मला पडलेले मोठे कोडे हेच की या महिन्यात तुम्ही असता कुठे. गणपती आणि पितृपक्ष ही कारणे मला कळतात, तरीही त्यात दोन रिकामे शनिवार निघतातच.

पावसाळा सरल्यावर धरणातून पाणी सुटते ते शेतीच्या आवर्तनासाठी, म्हणजे कालव्यांना पाळीने दिल्या जाणाऱ्या पाण्यासाठी, आणि कधी कधी खाली गोदावरीवरच्या जायकवाडी धरणासाठीही. 15 ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीतला साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानुसार वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते, आणि त्यावरून आमच्याकडे दर टंचाईच्या वर्षी रण माजते. तो वाद या पत्राचा विषय नाही. पण आवर्तन सुरू असताना हिवाळ्यातही नदी वाहती दिसते, हे सहल आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. धरणांचा साठा आणि विसर्ग यांचे आकडे पावसाळ्यात जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतात. हॉटेलची खोली राखून ठेवण्याआधी ती दोन ओळींची बातमी वाचावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे आकडे जिवाशीही निगडित आहेत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. म्हणजे विसर्ग एक हजार क्युसेकने वाढवला तर नदीत दर सेकंदाला 28 हजार लिटर पाण्याची भर पडते. तुम्ही रंध्याच्या वरच्या खडकावर उभे असता तेव्हा तुमच्या डोक्यावर ऊन असू शकते, आणि तरीही पाणी वाढू शकते, कारण ते तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येत नसून काही किलोमीटर वरच्या धरणातून किंवा त्याहून वरच्या डोंगरातून येत असते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते पाणी अचानक वाढल्यामुळेच. पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 रोजी, तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. हे दोन्ही प्रसंग दूरच्या नद्यांवरचे असले, तरी वार, ऋतू आणि गर्दी यांची जुळणी आपल्या ओळखीची आहे. म्हणून धबधब्याचे पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर कोणी सांगण्याची वाट न पाहता काठ सोडावा. लहान पुलांवर गाडी थांबवून छायाचित्रे काढणे तर पूर्णपणे बंद करावे. आणि साम्रदच्या सांदण दरीत पावसाळ्यात उतरण्याचा आग्रह कोणत्याही आयोजकाने धरू नये. ती दरी म्हणजे पावसाळ्यात पाणी वाहून जाण्याची चिंचोळी वाट आहे, आणि तिची वेळ पावसाळा संपून पाणी ओसरल्यानंतरची.

जुलैमध्ये या रस्त्याने जाताना आणखी एक गोष्ट चालू असते, तिच्याकडे गाडीच्या काचेतून बहुतेकांचे लक्ष जात नाही. ती म्हणजे भाताची आवणी, अर्थात रोपांची लावणी. रस्त्याच्या कडेला रोपांच्या जुड्या ठेवलेल्या असतात, इरली पांघरलेल्या बाया-माणसे चिखलात वाकलेली असतात, आणि चार-सहा दिवसांची ती घाई चुकली तर वर्षाचे पीक हातचे जाते. अशा खाचरात छायाचित्रासाठी उतरू नये, बांधावर गाडीचे चाक चढवू नये, एवढे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते. गुरांबद्दलही तेच. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ही डांगी गुरे अतिवृष्टीच्या प्रदेशासाठीच घडलेली आहेत; त्यांच्या तेलकट कातडीवरून पाऊस ओघळून जातो, आणि राजूरला त्यांचे मोठे प्रदर्शन भरते. ती रस्त्यातून आपल्या चालीने जातात. हॉर्न वाजवल्याने त्यांचा वेग वाढत नाही, हे कोणीही तिथे पाच मिनिटांत पडताळून पाहू शकतो.

मुक्कामाविषयी थोडे. जलाशयाच्या काठावर तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत आणि त्या चालवणाऱ्यांत स्थानिक तरुणही आहेत, त्यामुळे तंबू नकोतच असे मी म्हणणार नाही. पण हा सगळा प्रदेश 1986 मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतो, आणि तिथे रात्री अकरा वाजता ध्वनिवर्धकावर गाणी वाजवणे हे कोणत्याही हिशोबात बसत नाही. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी येणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर जे लुकलुकणे दिसते ते काजव्यांचे जोडीदार शोधण्याचे इशारे असतात. गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी झाडावर मारली की ते इशारेच पुसले जातात. गाडी गावात ठेवून, दिवा जमिनीकडे धरून चालत जावे. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरताना हुज्जत घालणारे लोक शेंडीत शंभर रुपयांचे मक्याचे कणीस मुकाट्याने विकत घेतात, हेही जाता जाता नमूद करतो.

शक्य असेल तर मुरशेत, उडदावणे, रतनवाडी अशा गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय पाहावी आणि आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगून ठेवावे, कारण नाचणीची भाकरी आणि पिठले ऐनवेळी चाळीस जणांना देणे कुठल्याच घराला शक्य नसते. पेट्रोल घोटीला किंवा राजूरलाच भरून घ्यावे. आणलेल्या बाटल्या आणि पिशव्या परत न्याव्यात. जलाशयाच्या काठावर टाकलेली बाटली पाणी चढले की तरंगते, आणि आमच्या चारीच्या तोंडाशी अडकलेला कचरा उपसताना तिच्यासारख्या बऱ्याच हाताला लागतात.

पुण्याकडून येणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना आहे. तुम्ही संगमनेर, अकोले, राजूर या वाटेने येता, म्हणजे तुम्हाला रंधा आधी लागतो आणि जलाशय नंतर. रविवारी दुपारी राजूरच्या पुढे वाहने खोळंबलेली दिसली, तर वर जाण्याचा आग्रह सोडून रंधा पाहून मागे फिरावे. अकोल्यात प्रवरेच्या काठावर सिद्धेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, अगस्ती ऋषींचे स्थान आहे, आणि थोडी वाट वाकडी केली तर आढळा नदीकाठी टाहाकारीचे जगदंबेचे मंदिर आहे, ज्याच्या बाह्यांगावरची शिल्पे पाहायला रविवारीही मोजकेच लोक असतात. राजूरला पेढे घ्यायला थांबावे. इंग्रजांविरुद्ध लढलेले क्रांतिकारक राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी दिली गेली. ते याच तालुक्यातल्या देवगावचे. ठाण्याहून येणाऱ्या मंडळींनी त्यांच्या गावाकडची वाट विचारली तर राजूर परिसरात कोणीही ती आनंदाने दाखवील.

आयोजकांना शेवटची विनंती. एका बसमध्ये पन्नास माणसे भरून 'एका दिवसात सात धबधबे' अशी जाहिरात करण्याऐवजी सप्टेंबरातल्या दोन दिवसांची, एका काठाची आणि एका मुक्कामाची सहल एकदा आखून पाहावी. पहिला दिवस रतनवाडीला द्यावा, रात्री गावातच राहावे, दुसऱ्या दिवशी सकाळी अंब्रेला फॉलला पाणी आहे का ते पाहून रंध्याकडे निघावे आणि दुपारचे जेवण राजूर किंवा अकोल्यात घेऊन परतीला लागावे. मोठी बस शेंडीतच ठेवावी आणि पुढच्या प्रवासासाठी गावातल्या जीपगाड्या सांगाव्यात. त्यांच्या चालकांना कोणत्या वळणावर समोरच्याला वाट द्यायची ते ठाऊक असते. यंदाचे वेळापत्रक तयार करत असाल तर 15 ऑगस्टला लागून आलेला शनिवार-रविवार त्यातून वगळावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्रवराकाठचा एक शेतकरी